तीन पाती, दोन कमानी

मध्य प्रदेशात खिशात चाकू ठेवू पाहणाऱ्याने एक तारीख ध्यानात ठेवायला हवी: 22 नोव्हेंबर 1974. त्या दिवशीच्या अधिसूचनेने राज्य शासनाने शस्त्र अधिनियमाच्या कलम 4 चा आधार घेतला आणि सार्वजनिक ठिकाणी दोन प्रकारची धारदार हत्यारे बाळगण्यावर नियंत्रण आणले. पहिला प्रकार सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा. दुसरा स्प्रिंगच्या जोरावर चालणाऱ्या चाकूंचा, आणि इथे लांबीची सवलत नाही. पाते बोटभर असले तरी ते नियमाच्या कक्षेत येते. भोपाळच्या टी. टी. नगरात राहणाऱ्या, लाकूड कोरण्याचा नाद असलेल्या आणि त्यासाठी परंपरागत ‘व्हिटलर’ घडणीचा चाकू जवळ ठेवणाऱ्या माणसाला पहिल्या अटीची काळजी नाही. त्याचा चाकू मिटल्यावर साडेतीन इंचांच्या आसपास भरतो आणि मोठे पाते साधारण अडीच इंचांचे असते. पण त्या चाकूत स्प्रिंग आहे. एक नाही, दोन आहेत. त्या काय करतात आणि काय करत नाहीत, हे नीट पाहिले की चाकू हत्यार की अवजार या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती येते. ते उत्तर चाकूच्या घडणीत असते, धारेत नसते. कायद्याची कसोटी तीच आहे, आणि चांगल्या संग्राहकाचीही तीच असायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

तेव्हा आधी घडण पाहू. व्हिटलरला तीन पाती असतात. मुठीच्या एका टोकाला एकच मोठे पाते, दुसऱ्या टोकाला दोन लहान पाती शेजारी शेजारी. मुठीच्या पाठीतून पोलादाच्या दोन लांबट पट्ट्या गेलेल्या असतात. घड्याळाच्या किंवा टांग्याच्या कमानीसारखे त्यांचे पोलाद लवचिक असते, म्हणून त्यांना इथे कमानीच म्हणू. प्रत्येक लहान पात्याच्या बुडाशी स्वतःची एकेक कमान दाबून बसलेली असते. मोठ्या पात्याचे बूड मात्र जाड असते आणि त्यावर दोन्ही कमानी एकदम टेकतात. या घडणीतली खरी करामत इथे आहे. मोठ्या पात्याकडे कमानी एकमेकींना चिकटून येतात, लहान पात्यांकडे त्यांना फाकावे लागते, म्हणून जुन्या आणि चांगल्या व्हिटलरमध्ये त्यांच्या मध्ये पाचरीसारखी निमुळती होत जाणारी धातूची पट्टी बसवलेली दिसते. मूठ पाठीकडून उजेडात धरली की ती पाचर स्पष्ट दिसते: एका टोकाला जाड, मधोमध बारीक होत होत दोन कमानींच्या सांध्यात विरून गेलेली. ही पट्टी हाताने घासून जुळवावी लागते. कानशीचा एक हात जास्त पडला तर पाते डुलू लागते. दोन पात्यांच्या साध्या चाकूपेक्षा व्हिटलर महाग का, याचे निम्मे उत्तर या पाचरीत आहे.

आता पाते उघडून पाहा. पात्याच्या कडेला नखापुरती खाच असते. तिच्यात नख अडकवून ओढल्याशिवाय पाते हलत नाही, कारण कमान त्याला आत दाबून धरत असते. अर्धे अंतर नखाने ओढावे लागते. तोवर कमानीचा सारा जोर उलट दिशेला असतो. बुडाचा कोपरा कमानीवरून पुढे सरकला की तीच कमान उरलेला प्रवास पुरा करून पाते उघड्या स्थितीत बसवते आणि टक्‌ असा आवाज येतो. संग्राहक या आवाजाला फार जपतात. चांगल्या कमानीचा आवाज कोरडा आणि ठाम असतो. पण पाते उघडे राहते ते कमानीच्या दाबामुळे. कुलूप असे काही नसते. पात्याच्या पाठीवर जोर दिला तर ते मिटते, आणि मिटताना वाटेत येतात ती धरणाऱ्याची स्वतःची बोटे. चाकू भोसकण्यासाठी वापरला की टोकाला धक्का बसतो आणि पाते मागे वळू पाहते. ज्याला हत्यार घडवायचे आहे असा कोणताही कारागीर हा दोष मुद्दाम ठेवणार नाही. लाकूड तासताना मात्र सगळा दाब धारेवर येतो, म्हणजे पाते उघडे ठेवण्याच्याच दिशेने येतो, त्यामुळे कुलपाची गरज पडत नाही. ज्या कामासाठी वस्तू केली ते काम तिच्या सांध्यातच लिहिलेले आहे.

तीन पाती का, हेही त्याच कामातून कळते. लाकडाची साल काढणे, काठीला ढोबळ आकार देणे, मोठे कपचे उडवणे हे मोठ्या पात्याचे काम. ते दोन कमानींवर बसते म्हणून जोर सोसते. बारीक कामाला लहान पाती. त्यातले एक बहुधा लेखणी तासण्याच्या घाटाचे, दुसरे सरळ धारेचे आणि आखूड, कोपरे साफ करायला. लाकडी चमच्याच्या दांड्यावर खाच पाडायची असेल तर आधी लहान पात्याने तंतूंच्या आडवा एक सरळ काप घ्यायचा; मग थोड्या अंतरावरून पाते तिरके धरून त्या कापाकडे आणायचे. कपचा कापापाशी येऊन आपोआप सुटतो, पुढचे लाकूड चिरत नाही. हा काप घेताना पाते धरणारा हात फक्त दिशा देतो, आणि लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीला मागून ढकलतो. लांब पात्याने हे जमत नाही, कारण टोक अंगठ्यापासून दूर जाते. म्हणून दीड इंचाचे पाते ही इथे कमतरता ठरत नाही, गरज ठरते.

लेखणी तासण्याचे पाते आपल्याकडेही परके नाही. युरोपात पिसाची लेखणी होती, तेव्हा तिचे टोक पुन्हा पुन्हा कापून नीट करावे लागे, आणि खिशातल्या लहान पात्याचा घाट त्या कामातून आला. आपल्याकडे मोडी लिहिणारा कारकून बोरू वापरत असे. बोरूचे टोक तिरके कापायचे, मधोमध चीर द्यायची, झिजले की पुन्हा तासायचे, हे दप्तरातले रोजचे काम होते. फारसी आणि उर्दू लिहिणाऱ्या कातिबांकडे याच कामाचा कलमतराश असे, आणि भोपाळसारख्या नवाबी संस्थानात फारसी-उर्दूत कारभार चाललेला असल्याने लेखणीइतकाच तोही गरजेचा होता. दोन दूरच्या संस्कृतींनी एकाच गरजेला जवळजवळ सारखेच पाते दिले. टाक, मग फाउंटन पेन आले आणि ते काम संपले. पाते मात्र टिकले, कारण तेवढ्या धारेला कागद, दोरा, पेन्सिल, फळ, काटा असे काही ना काही काम रोज मिळत राहते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. चाकू तो चाकू. अडीच इंचांचे पातेही जीव घेऊ शकते. हे खरे आहे. पण हाच युक्तिवाद ताणला तर कोयता, विळी, स्वयंपाकघरातली सुरी, शिंप्याची कात्री, यांतले काहीच सुटत नाही. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये शस्त्राची व्याख्या करताना ‘हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेल्या अथवा तशा बदलून घेतलेल्या’ वस्तूंची अट घातली आहे, आणि केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. उदाहरण म्हणून लाठीचे आणि साध्या हातकाठीचे नावही घेतले आहे. 2016 च्या नियमांच्या परिशिष्टात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांच्या चाकूंचा समावेश आहे, पण घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेल्यांना तिथेही सूट आहे. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारला आहे: ही वस्तू कशासाठी घडवली? ती किती भयंकर ठरू शकते, हा प्रश्न कायद्याने मुख्य मानलेला नाही.

या सौम्यपणामागे इतिहास आहे, आणि टी. टी. नगर या नावातच तो दडलेला आहे. येवल्यात जन्मलेले रामचंद्र पांडुरंग टोपे, म्हणजे तात्या टोपे, यांना 18 एप्रिल 1859 रोजी शिवपुरीत फाशी झाली. 1857 च्या उठावानंतर ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या सामान्य माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेण्याचा धडाकाच लावला, आणि लॉर्ड लिटनच्या काळातल्या 1878 च्या शस्त्र कायद्याने त्या धोरणाला कायमचे रूप दिले. राष्ट्रीय सभेने त्या कायद्याला वर्षानुवर्षे विरोध केला. स्वातंत्र्यानंतर 1959 चा अधिनियम आला, 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला, आणि त्याने बंदुका एका बाजूला, बाकी हत्यारे दुसऱ्या बाजूला अशी फारकत केली. धारदार हत्यारांसाठी सरसकट परवाना राहिला नाही. एखाद्या भागातल्या परिस्थितीमुळे गरज भासली तरच अधिसूचना काढून नियंत्रण आणायचे, हे कलम 4 चे सूत्र. म्हणजे अविश्वास हा अपवाद आणि विश्वास हा नियम. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, सरकारी कचेऱ्या आणि क्वार्टर्स उभी राहिली, जुनी राजधानी नागपूर होती म्हणून तिकडून आलेल्या कर्मचाऱ्यांत मराठी कुटुंबेही आली, आणि या नव्या वसाहतीला तात्या टोप्यांचे नाव मिळाले. 1974 ची अधिसूचना वाचताना ही पार्श्वभूमी विसरू नये. ती एक अपवाद म्हणून आली आहे, आणि अपवादाचे शब्द त्यांच्या अर्थापलीकडे ताणायचे नसतात.

तर मग ‘स्प्रिंगच्या जोरावर चालणारा चाकू’ कोणता? खटका किंवा बटण दाबताच ज्याचे पाते स्वतःहून बाहेर उसळते, तो. त्यात स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत वाट पाहत असते आणि सुटताच पाते फेकते. एका हाताने, क्षणात, समोरच्याला दिसायच्या आत उघडणे हा त्याचा गुण, आणि धास्ती त्याचीच आहे. व्हिटलर उघडायला दोन हात लागतात, नख लागते, आणि पहिल्या निम्म्या प्रवासात स्प्रिंग विरोध करते. एकात स्प्रिंग पाते सोडते, दुसऱ्यात धरून ठेवते. दोन्हींत पोलादाची पट्टी आहे एवढ्यावरून त्यांना एका ओळीत बसवणे म्हणजे दाराच्या बिजागरीला कुलूप म्हणण्यासारखे आहे. अर्थात कायद्याच्या शब्दांचा अंतिम अर्थ न्यायालय लावते, आणि कोणाच्या मनातला उद्देश काय होता हेही तिथे पाहिले जाते. पण घडणीचा पुरावा या बाजूने आहे, हे मला निःशंकपणे म्हणायचे आहे.

यावर कोणी म्हणेल की रस्त्यावर तपासणी करणाऱ्या शिपायाला कमानीची दिशा समजावत बसणार का? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो व्यवहाराचा आहे. हिंदी चित्रपटांनी आपल्या मनात चाकूचे एकच चित्र कोरून ठेवले आहे: रामपुरी. ‘वक्त’ (1965) मधला राजकुमारचा प्रसंग ज्याला आठवतो, त्याला खिशातून निघालेला कोणताही चाकू धमकीच वाटणार. त्या प्रतिमेशी वाद घालून उपयोग नाही. वागण्याने तिला जागा देऊ नये एवढेच करता येते. गर्दीत, मिरवणुकीत, सभेत, स्टेडियममध्ये चाकू नेऊ नये. निवडणुकीच्या किंवा तणावाच्या दिवसांत जिल्हा प्रशासनाचे जमावबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत तो घरीच राहावा. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही. आणि जो माणूस चाकूबरोबर अर्धवट कोरलेला लाकडाचा तुकडा, धार लावायची लहान कुरुंदाची पट्टी, तेलाचे फडके ठेवतो, त्याच्या जवळची वस्तू काय आहे हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. या साऱ्या मर्यादा मान्य करूनही बाळगण्याचा हक्क शिल्लक राहतो, फक्त तो शहाणपणाने वापरायचा असतो.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप असा, की हा सगळा परदेशी शौक आहे. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांनी अंगणात बसून काठ्या तासाव्यात, आपला त्याशी काय संबंध? या आक्षेपात अर्धे सत्य आहे. व्हिटलर हा घाट इंग्लंडच्या शेफील्डमध्ये आणि जर्मनीच्या झोलिंगेनमध्ये वाढला आणि अमेरिकेत लोकप्रिय झाला, हे खरे. आपल्याकडे लाकडी खेळण्यांचा वारसा मोठा असला तरी पद्धत बहुतेक वेगळी: सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याचे हलके लाकूड, भोपाळहून नर्मदेकडे जाताना लागणाऱ्या बुधनीत दुधीचे म्हणजे आपल्या काळ्या कुड्याचे लाकूड, आणि बुधनीची खेळणी तर खरादावर फिरवून घडतात. खिशातल्या चाकूने निवांत कोरत बसणे ही त्यांची रीत नव्हे. पण अंगावर बाळगायचे धारेचे अवजार, ते देखणे करून घेणे आणि पुढे त्याचा संग्रह होणे, या गोष्टी आपल्या रक्तातल्या आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहा. काका केळकरांनी (1896–1990) आयुष्यभर जमवून 1975 साली राज्य शासनाच्या हवाली केलेल्या संग्रहात घोड्यांच्या, पक्ष्यांच्या, माणसांच्या आकृतींचे पितळी आणि लोखंडी अडकित्ते आहेत. चंचीत किंवा पानाच्या डब्यात राहणारे, रोज हाताळले जाणारे हे पोलाद. भोपाळचा कलाबतूचा बटवाही सुपारी आणि पानाच्या याच संस्कृतीतून मोठा झाला. अडकित्त्याची मूठ कितीही नटवली तरी त्याची धार आणि सांधा सुपारीने ठरवला आहे. केळकरांचा संग्रह श्रीमंत वाटतो तो यामुळे: प्रत्येक नमुन्यात काम आणि हौस यांची जोडी दिसते. व्हिटलर जमवणाऱ्यानेही तेच शोधावे.

शोधायचे कसे? वस्तू स्वतःच बरेच सांगते. पात्याच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का असतो. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले, आणि मार्च 1891 पासून ते लागू झाले; म्हणून अमेरिकेत गेलेल्या शेफील्डच्या चाकूवर ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर तो बहुधा त्यानंतरचा. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीचे चाकू त्याहून बोलके आहेत. 1965 पासून 1969 पर्यंत शिक्क्यात ‘यूएसए’ ही अक्षरे आली. 1970 मध्ये शिक्क्याखाली दहा ठिपके आले आणि पुढे दरवर्षी एक ठिपका कमी होत गेला, त्यामुळे ठिपके मोजून साल काढता येते. पात्यावरच्या आकड्यातला पहिला अंक मुठीचे साहित्य आणि दुसरा पात्यांची संख्या सांगतो. पण शिक्का बनावट असू शकतो, आणि बाजारात तसे होतेही. म्हणून शिक्क्याआधी पाठ पाहावी. मोठ्या पात्याचे बूड दोन्ही कमानींवर सारखे टेकते का, मिटल्यावर कमानींची पाठ मुठीशी सपाट बसते का, तिन्ही पाती एकमेकांना न घासता आत जातात का, पात्याची रुंदी धार लावून लावून खाल्ली गेली आहे का. शिक्का नवा मारता येतो, झिजलेले बूड मात्र परत आणता येत नाही.

जमवलेले सगळे बाळगायचे का, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. ज्याला कधी धार लावलेली नाही असा जुना नमुना तसाच ठेवावा. एकदा दगडावर घासला की कारखान्याची मूळ धार जाते आणि तो पुरावा कायमचा नष्ट होतो. पण संग्रहातला एक तरी व्हिटलर रोजच्या कामाचा असावा. कमानीचा ताण, बुडाची चाल, अंगठ्याला पाते कुठे लागते, हे पेटीतल्या चाकूकडे बघून कळत नाही. कार्बन पोलादाचे पाते असेल तर भोपाळच्या पावसाळ्यात त्याला तेलाचा हात हवा. फळे कापून त्यावर धरणारा निळसर-करडा रंग मात्र घासून काढू नये, तो गंजाला थोडाफार अडवतो. सांध्यात साचलेला कचरा काढून तेलाचा एक थेंब दिला की बहुतेक ‘जाम’ चाकू मोकळे होतात. पाते मिटताना आपटू द्यायचे नाही. धार कमानीवर आदळून बोथट होते.

मुठीबद्दल मात्र भारतीय संग्राहकाने वेगळा विचार केलाच पाहिजे. जगभर ज्याला ‘स्टॅग’ म्हणून मान आहे ती खडबडीत, तपकिरी-पांढरी मूठ फार मोठ्या प्रमाणावर भारतातल्या सांबराच्या शिंगाची. मध्य प्रदेशाच्या जंगलातला हा प्राणी दरवर्षी शिंगे गाळतो आणि ती गोळा होऊन परदेशी कारखान्यांत जात. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात थांबवली, कारण गळालेले शिंग आणि शिकारीचे शिंग व्यापारात वेगळे ओळखता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे बंधन आहेच. तेव्हा देशात कोणी सांबरशिंगी मुठीचा चाकू विकायला आणला तर हात आवरावा. गुरांच्या हाडाची किंवा शिसवी मूठ दिसायला कमी नाही, आणि ती कोणाच्या जिवावर उठत नाही.

यातूनच एक सूचना सुचते. रामपूरच्या कारागिरांच्या हातात पोलादाला पाणी देण्याची आणि पात्याचा सांधा जुळवण्याची विद्या पिढ्यानुपिढ्या आहे. लांब पात्यांवर बंधने आली आणि त्यांचा धंदा आटला. 2023 साली रामपुरात चौकात वीस फुटी चाकू उभारला गेला, पण स्मारकाने कारखाना चालत नाही. तीन पाती, दोन कमानी, मध्ये पाचर, शिसवी मूठ, अडीच इंचांचे पाते, कुलूप नाही, बटण नाही: असा व्हिटलर त्याच हातांना घडवता येईल. तो टी. टी. नगरच्या रस्त्यावर बाळगणाऱ्याला 1974 च्या अधिसूचनेतल्या शब्दांची भीती बाळगावी लागणार नाही, आणि भारतात घडलेला नमुना म्हणून संग्राहक तो आनंदाने विकत घेईल.